कुठून फुटली ते आधी बघ

पोरी, भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी बागेतलं सगळं मोडकंतोडकं अंगणात मांड. एकेक वस्तू हातात घे आणि ती नेमकी कुठून गेली ते बघ. कुंडी बुडाशी फुटली की कडेला? झारी सांध्यातून गळते की पत्र्याचीच चाळण झाली? पाइप नळाजवळ चिरला की उन्हानं आख्खाच कडक झाला? अंबरनाथच्या आयुध निर्माणीत टूलरूमला होतो तेव्हा आमची शिस्तच होती ही. मोडलेलं हत्यार समोर आलं की आधी मोड तपासायची, मग ते दुरुस्त करायचं, दुसऱ्या कामाला लावायचं की वितळायला धाडायचं हे ठरवायचं. तुझ्या आजीनं टूलरूम कधी पाहिली नव्हती, पण परसात ती हेच करायची. ती सांगायची, वस्तूचा जो भाग धड आहे त्याच्याकडूनच काम घ्यावं, गेलेल्या भागावर भार टाकू नये. अंगणासाठी, गॅलरीसाठी, गच्चीसाठी जे काही शोभेचं करशील, ते या एका सांगण्यावर उभं राहील.

दुसरं, आपल्याकडच्या पावसाला विसरून काही करू नकोस. चित्रांत दिसतात त्या रंगीबेरंगी कुंड्या, लाकडी पाट्या, रंगवलेले टायर बहुतेक कोरड्या हवेतले असतात. बदलापूरला डोंगराकडून सर येते ती आडवी येते. जून ते सप्टेंबर वस्तू वाळायला सवड मिळत नाही. तेव्हा काहीही बनवलंस की पहिला प्रश्न हाच विचार, की यात पडलेलं पाणी कुठून बाहेर जाईल? उत्तर नसेल तर भोक पाडायचं. मगच रंगाचं बघायचं.

आता कुंड्या. मातीची कुंडी कडेला फुटली असेल तर ती अजून कुंडीच आहे. उभा तडा गेला असेल तर तिला तार बांध. कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, सकाळी काढ. कडेच्या खाली जिथे खाच असते तिथे जीआय तार गुंडाळ, दोन्ही टोकं पक्कडीत धर आणि हळूहळू पीळ दे. तडा मिटत येताना डोळ्यांना दिसतो. मिटला की थांब. आणखी अर्धा पीळ दिलास तर दुसरीकडून तडकेल. पिळाचं शेपूट कापून आत वळव, म्हणजे पदराला लागणार नाही. पोटाच्या खाली, बुडापासून चार बोटांवर अशीच दुसरी तार. अशा कुंडीत जास्वंद लावू नकोस, तिची मुळं जोर करतात. चिनी गुलाब, कोरफड, पानफुटी अशी उथळ मुळांची झाडं लाव. तार दिसते ती दिसू दे. त्यावरून हात फिरवला की घरातल्या माणसांची निगा कळते.

मोठा तुकडाच निघाला असेल तर कुंडीत कुंडी करायची. मोठ्या कुंडीच्या फुटक्या बाजूला तुकडे पायऱ्यांसारखे मातीत रोवायचे, प्रत्येक तुकड्याच्या मागे माती भरत वर जायचं, आणि पायरीपायरीवर रोपं. तुकड्याची धारदार कड नीट करायची असेल तर भिजलेल्या खापरीचे पक्कडीनं चिमटीएवढे कपचे तोड. घाव घालून तोडलीस तर नको तिथे फुटते. कोरड्या मातीच्या भांड्यावर कटर चालवलास तर धूळ फुप्फुसात जाते आणि भांडंही चिरतं, म्हणून भिजवणं कधी चुकवायचं नाही. नाकातोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा हे सांगायला नको.

बूड गेलेली कुंडी जमिनीत अर्धी पुर. वरची गोल कड आळ्यासारखी दिसते आणि खालून मुळांना थेट जमीन मिळते. गॅलरीत असशील तर मात्र हिचा उपयोग नाही, ती मला आणून दे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. कुंडी आडवी टाकून तोंडातून फुलं सांडल्यासारखी लावतात, ते दिसतं सुरेख. पण बदलापूरच्या कडेला, शेताच्या किंवा डोंगराच्या बाजूला राहणाऱ्यांनी तिच्यात पोकळी ठेवू नये. पावसात बिळं भरली की विंचू आणि घोणस अशीच कोरडी पोकळी शोधत येतात. आडवी कुंडी मातीनं गच्च भर, मगच रोप लाव. उपड्या कुंड्यांची उतरंड रचून त्यावर पणत्या ठेवायच्या असतील तर सगळ्यात खालची जमिनीला टेकवून चारी बाजूंनी सिमेंट लाव.

अगदी बारीक झालेल्या खापऱ्या फेकू नकोस. त्यांनी वाफ्याची कड होते, तुळशीभोवतीची फरशी होते. सिमेंट एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. खापऱ्या आधी भिजव, कारण कोरडी खापरी मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो. बसवताना मधोमध किंचित उंच आणि कडेला उतार. नंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहा. आणि उरलेला चुरा? तोही जुन्या लोकांनी सोडला नाही. भाजलेल्या विटांचा भुगा चुन्यात मिसळला की तो चुना ओल्यातही घट्ट होतो, त्याला सुरखी म्हणतात. विहिरी, हौद, वाड्यांच्या गच्च्या अशा चुन्यावर उभ्या राहिल्या. तुला चुन्याच्या घाणीपर्यंत जायचं काही कारण नाही, भुगा पायवाटेवर पसर. चिखल बसतो आणि पावसात लाल रंग खुलतो.

फुटक्या तुकड्यांतून किती मोठं काम उभं राहू शकतं ते पाहायचं असेल तर कधी चंदीगडला जा. तिथे नेक चंद सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. 1957 पासून नोकरी सांभाळून, कुणाला न सांगता, जंगलातल्या सरकारी जागेत ते फुटकी कपबशी, बांगड्या, फरशा, जुनी नळभांडी वापरून मूर्ती घडवत राहिले. सरकारच्या लक्षात आलं तेव्हा सगळं पाडायचं घाटत होतं, लोक आडवे आले, आणि 1976 साली ते रॉक गार्डन म्हणून सर्वांना खुलं झालं. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या माणसाकडून घ्यायचं ते एवढंच, की त्यानं आधी वर्षानुवर्षं तुकडे गोळा करून जातवार लावून ठेवले आणि मग हात घातला. तूही खोके कर. लाल खापऱ्या वेगळ्या, चिनी मातीच्या वेगळ्या, काच वेगळी. साठा डोळ्यांसमोर असला की काय करायचं ते आपोआप सुचतं.

आता लोखंड. खुरपी, पंजे, कात्री, गंजलेली झारी. गंज वरवरचा असेल तर चिंचेच्या दाट पाण्यात रात्रभर बुडव, सकाळी तारेच्या ब्रशनं घास. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धू, नाहीतर चिंचेचा आंबटपणा आत राहून दोन दिवसांत पुन्हा गंज धरतो. उन्हात कडकडीत वाळव आणि लगेच जवसाचं तेल चोळ. तेल चोळलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल हवेत सुकताना तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता अडकली की फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी दोरीवर पसरून वाळव. आमच्या शॉपमध्ये नवा पोरगा आला की हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं. आणि गंजक्या वस्तूंच्या कामाला बसण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते आठव.

खुरप्याचं पातं झिजलं असेल तर मूठ धड असते. मुठी धड असलेली तीन-चार खुरपी भिंतीवरच्या फळीत ओळीनं रोव, पाती फळीत आणि मुठी बाहेर. झारी, टोपी, कातर अडकवायला खुंट्या झाल्या. वर्षानुवर्षं हातात राहून गुळगुळीत झालेली ती लाकडं विकतच्या खुंटीपेक्षा कितीतरी देखणी दिसतात. उलट मूठ गेली आणि पातं धड असेल तर पात्यावर रोपांची नावं रंगवून वाफ्यात खोच. पंजा मात्र लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवर टांगायचा नाही.

बागेच्या नळजोडणीचे जुने जीआय पाइप निघाले असतील तर त्यांची वाऱ्यावर वाजणारी झुंबरं होतात, आणि यात थोडं गणित आहे ते शिकून घे. पाइप टोकाला भोक पाडून टांगला तर नाद दबतो. वाजताना पाइप दोन जागी स्थिर असतो, आणि त्या जागा प्रत्येक टोकापासून लांबीच्या शंभरात साधारण 22 भागांवर येतात. 50 सेंटिमीटरचा पाइप असेल तर टोकापासून 11 सेंटिमीटरवर भोक पाड आणि नायलॉनच्या दोरीनं टांग. नाद किती वेळ रेंगाळतो ते ऐकून बघ. त्याच पाइपाचा दुसरा तुकडा साधारण 35 सेंटिमीटरचा कापलास तर तो पहिल्याच्या वरच्या सप्तकात बोलतो. लांबी निम्मी करावी लागत नाही, दहातले सात भाग ठेवले की पुरे. मधले स्वर या दोघांमध्ये कानसीनं घासत घासत मिळव. तुझी लेक पेटी शिकते ना, तिला बसव शेजारी. कापलेल्या टोकांना कानस मारून रेड ऑक्साइड लावायला विसरू नकोस, गंज तिथूनच शिरतो. आणि वर राहतं कोण, खाली राहतं कोण तेही बघ. वादळी वाऱ्यात रात्रभर वाजणारी वस्तू शेजाऱ्याच्या खिडकीशी टांगू नये, पावसाळ्यात काढून ठेवावी.

पत्र्याची झारी बुडाशी गळत असेल तर तिला डाग देत बसू नकोस, तिचा दिवा कर. एका कागदावर ठिपक्यांची रांगोळी काढ, अकरा ते सहा, आपल्या दारात असते तशीच. तो कागद झारीच्या पोटाला चिकटव. झारीत ओली वाळू ठासून भर, अगदी तोंडापर्यंत, आणि मग ठिपक्या-ठिपक्यावर खिळा ठेवून हातोडी मार. वाळू आतून पत्र्याला धरते, म्हणून पोचा येत नाही आणि भोक स्वच्छ पडतं. आधी सगळे बारीक ठिपके, नंतर जाड खिळ्यानं हवे तेवढे मोठे. वाळू काढ, कागद भिजवून सोल, आतल्या बोचऱ्या कडांवर कानस फिरव. आत बॅटरीची किंवा सौर दिव्यांची माळ सोड. घरच्या विजेची वायर उघड्यावर, पाण्याशेजारी, मुळीच नको. संध्याकाळी भिंतीवर रांगोळीचे ठिपके पडतात, आणि झारी जराशी हलली की रांगोळी हलते.

रंगाचंही ऐक. मातीच्या कुंडीवर ऑइल पेंट देऊ नये. ओल आतून बाहेर येते, तिला वाट मिळत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. कुंडीला गेरू किंवा डिंक घातलेला चुना लाव. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास नवा हात द्यावा लागतो, तो देत जावा. ऑइल पेंट लोखंडासाठी ठेव. जुन्या ग्रिलचा किंवा खुर्चीचा रंग खरवडायचा असेल तर कोरडा घासू नकोस. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात 90 भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात किती शिसं होतं ते सांगता येत नाही. पाणी लावून घास, खाली वर्तमानपत्र पसर, गाळ कागदात गुंडाळून वेगळा टाक. तो नाल्यात सोडू नकोस. वालधुनी नदी आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते, पुढे उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. 1060 सालच्या त्या मंदिराच्या पायाशी आज जे पाणी वाहतं ते बघून माझा जीव तुटतो. आपल्या हातून त्यात एक थेंबही वाढायला नको.

प्लास्टिक ओळखायला शिक. हिरवी शेडनेट घडी घालून नखानं घास. भुकटी पडली तर तिला उन्हानं खाल्लं आहे. तिचं काहीही करू नकोस, सुक्या कचऱ्यात दे, नाहीतर तिचे कण वर्षानुवर्षं तुझ्या मातीत राहतील. भुकटी पडली नाही तर ती अजून कामाची आहे. दुहेरी करून तिच्या पिशव्या शिव, भिंतीवर फळीला ठोकायच्या खिशांसारख्या. घरच्या मशीनवर सुई मोडते. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्यांची जड मशीनं आहेत, शिलाईवाल्याला नायलॉनचा दोरा नेऊन दिलास तर तो घटकेत शिवून देईल. पिशव्या लहान ठेव. एक लिटर ओली माती दीड किलोच्या वर जाते, आणि गॅलरीच्या कठड्याच्या बाहेरच्या बाजूला तर काहीच टांगायचं नाही, खाली रस्ता आहे.

उन्हानं कडक झालेला पाइप गरम पाण्यात ठेवला की थोडा वेळ मऊ होतो. तेवढ्यात त्याची कडी वळव, आतून जाड तार घालून टोकं जुळव. गोकर्णीचा किंवा कृष्णकमळाचा वेल त्यावर चढवला की गोल तोरण होतं. उरलेले वीतभर तुकडे उभे चिरून टांगत्या कुंडीच्या तारेवर बसव, हाताला तार रुतत नाही. तुकड्यांची दोन्ही तोंडं उघडी ठेव, खोलगट पाइपात पाणी साठतं.

पाण्याचं पुन्हा सांगतो, कारण डेंग्यूचा डास अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या आपल्या तिन्ही गावांत ठाण मांडून आहे. त्याला डबकं लागत नाही, बाटलीच्या झाकणात मावेल इतकं स्वच्छ पाणी पुरतं. अंडं घातल्यापासून आठवडा-दहा दिवसांत डास उडतो. त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, काठ काथ्यानं घासावा लागतो. पक्ष्यांसाठी फुटक्या ताटलीत पाणी ठेवशीलच, ते दर दोन-तीन दिवसांनी घासून बदल. आठवड्यातला एक वार ठरव आणि सगळं पालथं करून बघ.

बांबूच्या काठ्या जमिनीतल्या टोकाला कुजतात, वरचा भाग ठणठणीत असतो. कुजलेलं कापून टाक. पिवळी भुकटी पडत असेल तर आत भुंगेरा आहे, ती काठी चुलीत. उरलेल्या काठ्यांची वेलासाठी शिडी बांध, पण तिचे पाय मातीत न रोवता खापरीवर टेकव. अगदी लहान तुकडे चिरून त्यांच्या कामट्या काढ आणि आकाशकंदिलाचा सांगाडा बांध. कामटी चिरताना कोयता बांबूच्या बारीक टोकाकडून घाल, म्हणजे चीर एका बाजूला पळत नाही.

काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. औषध फवारायचा पंप कितीही घासलास तरी त्यात औषधाचा अंश राहतो. त्याची टाकी पक्ष्यांच्या पाण्याला नाही, तुळशीला नाही, कशालाच नाही. कीटकनाशकाच्या बाटल्या तशाच. जुन्या शेडवरचे सिमेंटचे नालीदार पत्रे फोडून वाफ्याला लावतात, ते करू नकोस. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, फोडलं की त्याचे तंतू हवेत मिसळतात.

हाताखाली माणूस हवा असेल तर उल्हासनगरला जायला लाजू नकोस. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत उतरली, 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं, आणि हातात काही नसताना त्या लोकांनी फर्निचरचा, शिलाईचा, लोखंडाचा असा बाजार उभा केला की आजही मुंबईहून माणसं येतात. माझी पहिली कानस तिथल्याच एका फर्निचरवाल्या काकांनी मला धरायला शिकवली. ते सांगायचे की कारागिराकडे जाताना वस्तू घेऊन जावी, चित्र घेऊन जाऊ नये. वस्तू टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, हिचं काय होईल? वेल्डिंगवाल्याला आपल्या मनातलं डिझाइन सांगत बसण्यापेक्षा त्याच्याकडे पडलेल्या सळ्या, चकत्या बघ, त्याला सुचेल ते करू दे. पैशांची घासाघीस फार करू नकोस. लहान काम आहे, त्यात त्याचा अर्धा दिवस जातो. आनंदनगर एमआयडीसीतून पॅकिंगची लाकडी पेटी मिळाली तर तिच्यावरचा शिक्का आधी वाच. एचटी असेल तर लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलं आहे, ते घे. एमबी असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं आहे, ते सोड.

आता वेळापत्रक, कारण वेळ चुकली की चांगलं कामही वाया जातं. लोखंडाचं घासणं, तेल, रंग हे एप्रिल-मे महिन्यांत, कोरड्या हवेत. मेच्या शेवटी प्रत्येक वस्तूत बादलीभर पाणी ओतून बघ. पाणी तिथेच राहिलं तर पाऊस यायच्या आत भोक पाड. जूनमध्ये फक्त रोपं लावायची, रंगाच्या ब्रशला हात लावायचा नाही. खापऱ्यांचं सिमेंटचं काम दसऱ्यानंतर घे, तेव्हा हवा कोरडी आणि ऊन बेताचं असतं, सांधे न तडकता सुकतात, आणि दिवाळीला पोरांना किल्ल्यासाठी उरलेली माती मिळते. यंदाच्या मे महिन्यात मी येतोच आहे. तोवर खोक्यांत खापऱ्या निवडून ठेव, आणि ती गळकी झारी कुणाला देऊ नकोस.